आंदारे म्हणजे जाणे

रास अल खैमाच्या टाइल कारखान्यात
भट्टीचा पडदा इटालियनमध्ये बोलतो.
बिघाड झाला की लाल अक्षरं येतात,
आणि रात्रपाळीला ती वाचणारा मी एकटाच,
खेड तालुक्यातला, दहावीनंतर आयटीआय.

ओलिंदो वर्षातून दोनदा यायचा, मोदेनाहून,
भट्टीची नाडी बघायला.
बाराशे अंशांच्या शेजारी उभं राहून
त्यानं माझं ओळखपत्र वाचलं: परकार.
त्याच्या जिभेला शेवटी स्वर लागतोच. "पार्कारे!
अरे, हे तर क्रियापद झालं, पहिल्या गटाचं."
आणि तिथंच चालवून दाखवलं:
पार्को, पार्की, पार्का.
पॅकिंगमधली पोरं हसली. माझं आडनाव
तिन्ही पुरुषांत, दोन्ही वचनांत
बिनतक्रार चाललं.

लावोरारे, काम करणे, तेही नियमित.
कुठल्याही काळात घाल, कुरकुर नाही.
बिघडतात ती वेगळी: असणे, जवळ असणे,
जाणे, येणे, हवं असणे, जमणे.
का, विचारलं, तर त्यानं जिन्याकडे बोट केलं.
लोखंडी पायऱ्या, मधोमध झिजून चकचकीत.
एवढंच उत्तर. मग चहा.

शिफ्टच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेलो.
वादो, वाई, वा. आणि चौथ्याला अचानक
आंदियामो, जणू मधेच ड्रायव्हर बदलला.
ओलिंदोला वाटलं मी वैतागेन.
मी म्हटलं, आमचंही तेच:
जातो, जातोस, जाईन, आणि काल
गेलो. त्यातला 'ज' कुठे गेला, कुणी विचारत नाही.

सोनो म्हणजे मी आहे.
सोनो म्हणजे ते आहेत.
आठ पलंगांच्या खोलीत
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

शाळेत पाध्येबाईंनी चार अर्थ शिकवले होते.
स्वार्थ: क्रिया नुसती घडते. (आम्ही हसायचो, स्वार्थ!)
आज्ञार्थ: वा! म्हणजे जा.
ओलिंदो प्रेसवाल्यावर पहिल्यांदा ओरडला
तेव्हा मला वाटलं, शाबासकी देतोय.
विध्यर्थ: के इओ वादा, मी जावं.
घरी वादा म्हणजे वचन. इथं नुसती शंका.
बायकोला हे फोनवर सांगितलं नाही.
संकेतार्थ: वोर्रेई. मला हवं असतं, जर.
जरच्या पुढची जागा ओलिंदो रिकामी ठेवायचा,
गृहपाठ म्हणून.

मग एक दूरचा भूतकाळ होता,
संपून, दार ओढून गेलेल्या गोष्टींचा.
"आमच्या भागात बोलताना कुणी वापरत नाही," तो म्हणाला,
"पुस्तकातच. आमच्याकडे काही संपतच नाही."
वेन्नी, मी आलो.
अब्बा कुवेतहून आले, नव्वद साली, जॉर्डनच्या तंबूंतून,
चौदा वर्षांच्या नोकरीतून एक इस्त्री घेऊन.
ओटीवर बसले, म्हणाले, आलो.
त्यावर मरेपर्यंत एक शब्द नाही.
'येणे'तला 'ये' त्यांनी
वाटेतच कुठेतरी टाकला असणार,
वजन कमी करायला.

ह्या मार्चमध्ये ओलिंदोच्या जागी एक पोरगा आला.
लॅपटॉपवर भट्टी बघतो, इंग्रजी बोलतो.
ओलिंदो निवृत्त झाला म्हणाला, किंवा आजारी,
त्याला नक्की माहीत नाही.

कोबाल्टच्या निळ्यानं रद्दी टाइलवर लिहून
त्यानं भाजून दिलेला आंदारेचा भविष्यकाळ
माझ्या खोलीत आहे.
आंद्रो, आंद्राई, आंद्रा.
खालच्या ओळी चकाकीत ओघळल्यात,
आम्ही, तुम्ही, ते, काही लागत नाही.
एसीच्या खिडकीला फट होती, तिथं बसवलीय,
अक्षरं आतल्या बाजूला.

मुलगी विचारते, कधी येणार.
मी म्हणतो, येतो.
ती पाचवीत आहे. म्हणते,
हा कोणता काळ, अब्बा?
भोंगा वाजला, मी सांगतो, ठेवतो आता.
आज शुक्रवार. कारखान्याला सुट्टी.